बिनपायाच्या तीन कोंबड्या

आमच्या खुराड्यावर, पत्र्याच्या कडेला, तारेची एक कडी लटकत असे. तिच्यात कोंबड्यांचे वाळलेले पाय ओवलेले असत, जोडीजोडीने, सुतळीने बांधून. बाहेरच्या माणसाला ते जादूटोण्याचं सामान वाटावं. मी चौथी-पाचवीत असताना शाळेतल्या दोन मैत्रिणी सुट्टीत घरी येणार होत्या. त्या येण्याआधी मी ती कडी काढून गोठ्यात कडब्याखाली लपवली होती. मैत्रिणी आल्याच नाहीत. आईने संध्याकाळी कडी शोधून परत टांगली आणि मला काही विचारलं नाही.

आमच्याकडे कोंबड्या अर्धेलीने दिल्या जातात. जिच्याकडे जागा नाही, किंवा जी वर्षातले सहा महिने ऊसतोडीला जाते, ती बाई आपल्या कोंबड्या दुसरीकडे सांभाळायला ठेवते. पिल्लं निघाली की निम्मी तिची, निम्मी सांभाळणारीची. मधे एखादी कोंबडी रोगाने मेली, साप डसला, मुंगसाने मान फोडली, तर सांभाळणारीने तिचे पाय कापून ठेवायचे आणि मालकीण आली की दाखवायचे. मालकिणीला पाय ओळखू येतात. कोणाचं नख वाकडं, कोणाचे खवले पिवळे, कोणाच्या पायाला जुनी दोरीची खूण. पाय दाखवले की विषय संपला. पाय नसले तर कोंबडी विकली किंवा शिजवली, असा त्याचा अर्थ होतो. तसं तोंडाने कोणी म्हणत नाही. पुढच्या वेळी कोंबड्या दुसऱ्या घरी जातात, एवढंच.

आईकडे कोंबड्या ठेवायला लोक लांबून यायचे. आमचं घर गावाबाहेर, शेतातच. महागावच्या रस्त्यापासून आत चालत वीस मिनिटं. भोवती तूर, पऱ्हाटी, थोडा हरभरा. कोंबड्यांना चरायला मोकळं रान. पण लोक यायचे ते रानासाठी नाही. 'तिच्या घरी पाय भेटतेच,' असं बायका एकमेकींना सांगायच्या. आईबद्दल कोणी काही चांगलं म्हणताना मी ऐकलं असेल तर तेवढंच, आणि आईला ते पुरेसं होतं. ती शाळेत गेलेली नव्हती. स्वतःचं म्हणून तिच्याकडे काय होतं, तर तो शब्द.

त्या वर्षी बहुतेक कोंबड्या याडीच्या होत्या. टेकडीपलीकडच्या तांड्यातली म्हातारी. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तांड्यात तिला सगळे याडी म्हणत, म्हणून आम्हीही. पूर्वी ती ऊसतोडीला जायची तेव्हा तिने पहिल्यांदा पाच कोंबड्या आणि एक कोंबडा आईकडे ठेवला होता. गुडघे गेल्यापासून ती जात नव्हती, मुलं-सुना जात, पण कोंबड्या आमच्याकडेच राहिल्या आणि वाढल्या. बाजाराच्या दिवशी महागावला जाता-येता ती आमच्या ओट्यावर बसायची, पाणी प्यायची, कोंबड्यांवरून नजर फिरवायची. आई आणि ती फार बोलत नसत. एक तंबाखू मळायची, दुसरी तूर निवडायची. मला ते बसणं आवडायचं. त्यात कोणी मला काही विचारत नसे.

मला लोकांनी काही विचारलं की मला चटकन बोलता येत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, पिवळ्या व्हॅनने जायचं, मग पुढे हॉस्टेल. घरी आले की माझी बोली वेगळी. मी 'मला' म्हणते, घरचे 'मले' म्हणतात. काका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, मला लहानपणापासून मॅडम म्हणतो. "मॅडम, चाय घ्या. मॅडम, तुमचं नेटवर्क आलं का?" त्यात वाईट काही नसतं. पण मी बोलणं कमी करत गेले आणि लोकांना वाटत गेलं की शिकलेली आहे, तिला आपल्याशी बोलायचं नाही. ते खोडून काढायलासुद्धा बोलावं लागलं असतं.

पदवी झाल्यावर मी घरी होते. परीक्षांचे फॉर्म भरायचे, अभ्यास करायचा, निकाल पाहायचा. कापूस वेचणीचे दिवस होते. आई दिवस मावळेपर्यंत शेतात, म्हणून कोंबड्या कोंडायचं काम माझ्याकडे आलं. अंधार पडायला लागला की कोंबड्या आपणहून खुराड्यात शिरतात. मी फक्त दाराला फळी लावायची आणि फळीला दगड टेकवायचा. कपडे धुवायचा जुना चपटा दगड मधून चिरला होता, त्यातलाच अर्धा. काम दोन मिनिटांचं.

त्या दिवशी एका फॉर्मची शेवटची तारीख होती. घरात नेटवर्क येत नाही. ते येतं धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या बाभळीखाली, आणि तिथे काटेच काटे. म्हणून दुपारी मी तो दगड उचलून धुऱ्यावर नेला होता, बसायला. साइट उघडत नव्हती. उघडली तर फोटो चढत नव्हता. ओटीपी यायचा आणि त्याची मुदत संपायची. सगळं होईस्तोवर दिवस मावळला. फॉर्म भरला गेला याचाच मला इतका आनंद झाला की मी मोबाईल छातीशी धरून घरी आले आणि थेट आत गेले. फळी तशीच दाराशेजारी पडलेली. दगड धुऱ्यावर.

सकाळी काळी कोंबडी नव्हती. याडीची, पहिल्या पाचांतली शेवटची उरलेली. उजव्या पायाला निळी प्लास्टिकची रिंग होती तिच्या. अंगणात चार-पाच पिसं होती, बाकी काही नाही. मुंगूस असतं तर धड पडलेलं असतं. कोल्हा अख्खी उचलून नेतो.

काका चहाला आला होता. बाबा बैल सोडत होते. काकाने पिसं पाहिली, खुराडं पाहिलं आणि माझ्याकडे वळला.

"मॅडम, फळी लावलती का काल?"

मी खुराड्याकडे पाहिलं. फळी दाराशेजारी पडलेली होती आणि दगड तिच्याजवळच होता. धुऱ्यावर नव्हता. मला कळेना. मी येताना आणला असेल का? मला आठवत नव्हतं, पण दगड तिथे होता.

"हो," मी म्हणाले.

"दगड?"

"ठेवला होता."

"आत्ता बोला," काका बाबांना म्हणाला. "फळी लोटून नेली म्हंजे कोल्हा नाई, पैलवान आहे."

बाबा हसले. आई गाईसमोर कुटार टाकत होती. तिने वर पाहिलं नाही.

मला वाटलं, विषय तिथे संपला. एक कोंबडी गेली होती, आणि 'मी विसरले' असं तीन माणसांसमोर म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं. खोटं बोलताना मी एवढाच विचार केला होता.

पण काका गप्प बसणारा माणूस नाही. त्याने फळी लोटणाऱ्या कोल्ह्याची गोष्ट गावात सांगितली, रस्त्यावर सांगितली, पानठेल्यावर सांगितली. बाजाराच्या दिवशी याडी आमच्या ओट्यावर येण्याआधी गोष्ट तिच्यापर्यंत पोहोचली होती.

ती नेहमीसारखी बसली. पाणी प्यायली. काठी भिंतीला टेकवली.

"काळी गेली म्हणे."

"गेली," आई म्हणाली.

"पाय?"

"नाई भेटले. कोल्ह्यानं नेली."

याडीने खुराड्याकडे पाहिलं. "फळी लावेल होती?"

मी आत दाराआड उभी होते. आईचा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती. तिने तुरीतला एक खडा काढून अंगणात टाकला.

"होती," आई म्हणाली.

"दगड होता?"

"होता."

याडीने तंबाखू मळून तोंडात टाकली. "मंग शिकेल-सवरेल कोल्हा दिसते बाई. दगड सरकवला, फळी काढली, माह्या खुणेचीच कोंबडी पाहून नेली."

याडी नेहमीपेक्षा लवकर उठली.

मी जे बोलले होते त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. फळी उघडी होती म्हटलं असतं तर ती कोल्ह्याची चोरी होती. फळी बंद होती म्हटल्यावर ती माणसाची झाली. घरात काका धरून माणसं चारच, आणि कोंबड्या आईच्या जिम्म्यात.

मी त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. आई चुलीपुढे होती, मी पाटावर बसून मिरच्यांची देठं काढत होते. वाक्य तयार होतं. 'आई, त्या दिवशी मी फळी लावली नव्हती.' मराठीत सात शब्द. मी सगळी देठं काढली, परात उचलली आणि आत गेले.

कोल्हा मात्र खरा होता. एकदा मिळालं की तो सोडत नाही. रात्री खुराडं बंद असे, तर तो दिवसा येऊ लागला. तूर तेव्हा डोक्याच्या वर गेली होती, आत शिरलेलं माणूससुद्धा दिसत नाही. कोंबड्या उकरायला तुरीत शिरल्या की परत किती येतील याचा भरवसा नाही. त्या आठवड्यात याडीची एक तांबडी गेली. पिसंही सापडली नाहीत. मग एक ठिपक्यांची, तीही तिचीच. ती जाताना मी पाहिली. ऐन दुपारी, तुरीच्या दोन ओळींमधून कोल्हा चालत गेला. पळत नव्हता. कोंबडी मानेला धरलेली, तिचा एक पंख जमिनीवर घासत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. बारीक होता, शेपटीचे केस गेलेले.

"आई, कोल्हा होता. मी पाहिला," मी धावत जाऊन म्हणाले. मला आठवतं, मला जवळजवळ आनंद झाला होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आईने याडीला ते सांगितलं. "पोरीनं डोयानं पाह्यला."

"घरच्याच पोरीनं पाह्यला," याडी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तीन कोंबड्या, सहा पाय. एक बी नाई. इतक्या वर्षांत तुह्या घरी असं नाई झालं, बाई. मी काई म्हणत नाई."

ती गेल्यावर आई उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि काकाला हाक मारली.

"भाऊजी, कोल्हा पाह्यजे मले. दाखवाले पाह्यजे."

काका रानडुकरांसाठी फास लावतो. गावातले बरेच लोक लावतात, कोणी बोलत नाही. त्याने मोटरसायकलच्या क्लचची जुनी तार आणली, तिची सरकगाठ केली. तारेला माणसाच्या हाताचा वास राहू नये म्हणून ती दोन दिवस शेणात पुरून ठेवली. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते. मी बोलले. हे मला लिहायला हवं, कारण मी बोलू शकत नाही असं मी आतापर्यंत लिहीत आले आहे.

"काका, कोल्हा मारायला बंदी आहे. कायदा आहे. जेल होते."

काकाने गाठ ओढून पाहिली. "मॅडम, कोंबडी नेऊ नये असाही कायदा आहे. त्यानं वाचला नाई, मी कायले वाचू?"

"फॉरेस्टवाल्यांना कळलं तर?"

"कोन सांगते? तुमी?" तो हसला. "तुमी तर घरच्याइले बी काई सांगत नाई."

तो गंमत करत होता. मी पुस्तकात पाहत राहिले. कायदा सांगायला मला लाज वाटली नव्हती. दगडाचं सांगायला वाटत होती.

फास त्याने तुरीच्या दोन ओळींमधल्या पायवाटेवर लावला, गुडघ्याच्या खाली, मजबूत खुंटीला बांधून. पलीकडे चिकनच्या दुकानातून आणलेली कोंबडीची आतडी टाकली. पहिल्या दिवशी काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतातला कुत्रा अडकला, तो काकाने सोडवला आणि त्याने काकालाच चावा घ्यायचा प्रयत्न केला. "पाहा, भलाईचा जमाना नाई," काका म्हणाला. तिसऱ्या दिवशी उजाडताना तो आम्हाला बोलवायला आला. बाबा कापसाची गाडी घेऊन पहाटेच जिनिंगला गेले होते. मी आणि आई गेलो.

तार मानेत बसली नव्हती, कमरेत बसली होती. त्याने रात्रभर ओढाओढ केली असणार. खुंटीभोवती गोल जमीन उकरलेली होती आणि जेवढी तुरीची झाडं त्याच्या तोंडाला आली तेवढी त्याने चावून तोडली होती. पांढरे बुंधे उभे होते. तार कातडीत शिरून दिसेनाशी झाली होती. आम्हाला पाहून तो उठायला गेला, मागचे पाय उठले नाहीत. तो ओरडला नाही. गुरगुरलाही नाही. तोंड उघडं होतं आणि जीभ मातीने भरलेली.

शेपटीचे केस गेलेले. तोच होता.

"पाहू नका मॅडम," काका म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या 'मॅडम'मध्ये चेष्टा नव्हती.

मी पाहिलं. काकाने कुऱ्हाडीचा दांडा फिरवून धरला. दोन फटक्यांत झालं नाही. तिसरा लागला. आईने चेहरा वळवला नाही. ती एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून उभी होती.

"आत्ता फाडू नका," ती म्हणाली. "तिले येऊ द्या."

तिच्या मनात काय होतं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाय. कोंबडीचे पाय कठीण असतात, खवलेही आणि नखंही. कोल्ह्याने अख्खी कोंबडी खाल्ली असेल तर पोटात पाय असतील, निदान नखं, निदान ती निळी रिंग. आईने आयुष्यभर पाय दाखवले होते. हे पायही ती दाखवणार होती.

काका मोटरसायकलवर जाऊन याडीला घेऊन आला. तोवर कोल्हा बारदान्याखाली झाकून ठेवला होता. आई त्याच्याजवळ बसून होती आणि माशा हाकलत होती. मला ते पाहवेना, पण मी तिथून गेलेही नाही.

याडी धुरा ओलांडून हळूहळू आली. काकाने बारदाना काढला. याडीने कोल्ह्याकडे पाहिलं, मग तारेकडे, मग चावलेल्या तुरीकडे.

"हा," आई म्हणाली. "हाच. फाडा भाऊजी."

काकाने विळ्याने पोट फाडलं. वास आला आणि याडीने पदर नाकाला लावला. आई वाकली. काकाने काडीने पोटातलं मातीवर पसरवलं. बोराच्या बिया होत्या, खूप. उंदराचे केस, एक उंदराची शेपटी. तुरीचे हिरवे दाणे. एका चकचकीत पुडीचा कागद. काकाने काडी पुन्हा फिरवली, आईने त्याच्या हातातून ती घेतली आणि स्वतः फिरवली. बिया बाजूला केल्या. केस विंचरल्यासारखे केले. नख नव्हतं, पीस नव्हतं. रिंग नव्हती.

"लय दिवस झाले ना," काका म्हणाला. "निंगून गेलं असन."

"असन," याडी म्हणाली.

आई काडी फिरवतच होती.

"बस कर, बाई," याडी म्हणाली. तिने आईच्या खांद्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "गरीब जीव, बोरं खाऊन जगून राह्यलता. त्याले कायले मारलं? मी तुले कोल्हा मांगतला होता का? तू खरं बोलली असती तर मी तीन कोंबड्या सोडून देल्या असत्या. पोरी-बाळीच्या घरात लागते कदी. मले तेच वाईट वाटलं, का तू माह्यासमोर खोटं बोलली."

आईने मान वर केली नाही. काका काहीतरी बोलायला गेला, तिने हातानेच त्याला थांबवलं.

याडीला आईच्या बोलण्यात खोटं दिसलं होतं, आणि तिचं बरोबर होतं. ते खोटं कोणाचं, हे मला ठाऊक होतं, आणि मी तीन पावलांवर उभी होते.

दुसऱ्या दिवशी तांड्यातली दोन माणसं टोपल्या घेऊन आली आणि याडीच्या कोंबड्या घेऊन गेली. निम्मी पिल्लं आईसाठी मोजून ठेवली. एकही जास्त नेलं नाही. त्यानंतर पंधरा दिवसांत ढाणकीकडच्या एका बाईनेही आपल्या चार नेल्या. लग्न आहे, लागतात, म्हणाली.

मी तांड्यात गेले ती त्यानंतर. घरात कोणाला सांगितलं नाही. टेकडी चढताना मी वाक्य पाठ करत होते. याडी दारात बसून चिंध्यांची गोधडी शिवत होती. मला पाहून तिने बाज पुढे सरकवली. मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते.

"त्या दिवशी फळी मी लावली नव्हती," मी म्हणाले. "मी दगड बसायला नेला होता. मोबाईलसाठी. मी विसरले. मग काकांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. आईची काही चूक नाही."

याडीने सुई गोधडीत खोचली. माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे मोतीबिंदूने पिवळट झाले होते, पण पाहणं नीट होतं.

"मायनं पाठवलं?"

"नाही. तिला माहीत नाही."

"मंग काकानं?"

"कोणीच नाही."

ती थोडी हसली. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. "चांगली छोरी आहेस. शिकेल आहेस. मायसाठी बोलाले आली. माह्या पोरी बी आल्या असत्या." तिने सुई परत काढली. "पन छोरी, त्या दिवशी बोलली असती. कोल्हा जित्ता होता तेव्हा. आता तू काई बी सांगू शकते."

मी उभी राहिले. आणखी काय बोलायचं ते मी पाठ केलं नव्हतं.

"चाय घेते का?" ती म्हणाली.

मी नाही म्हणाले आणि टेकडी उतरले.

घरी आले तेव्हा आई ओट्यावर तूर पाखडत होती. माझ्या सलवारीला टेकडीवरची कुसळं लागली होती. ती कुसळं आमच्या बाजूला नाहीत. आईने ती पाहिली.

"गेलती का तिकडं?"

"हो."

"काय म्हणे?"

"तिला खरं वाटलं नाही."

सूप दोनदा वर गेलं, खाली आलं. मग मी म्हणाले, "आई, त्या दिवशी फळी..."

"मले मालूम आहे," आई म्हणाली. "पाह्यटी मी गेलती धुऱ्याकडं. दगड बाभळीखाली होता. म्याच आनला."

मी तिच्यासमोर बसले.

"मग तू सांगितलं का नाहीस? काकांना? याडीला?"

आई तूर निवडायला लागली. खडा काढला, अंगणात टाकला. "तू 'हो' म्हटलं ना सगळ्यायसमोर. मंग मी कसं म्हणू का माही पोरगी खोटं बोलते?" मग ती म्हणाली, "मले वाटलं, कोल्हा भेटला का झालं. पाय भेटतीन, मंग फळीचं कोनी इचारनार नाई."

एवढंच. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा शब्द आणि माझा शब्द यातला एक तिने ठेवला होता, आणि तो माझा होता. आणि त्यासाठी एका बोरं खाणाऱ्या, केस गळलेल्या जनावराच्या पोटात तिने काडी फिरवली होती.

कोल्हा काकाने तुरीतच पुरला. तूर कापली तेव्हा तिथली माती थोडी बसलेली दिसत होती. चावलेले बुंधे कापणाऱ्या बायकांच्या पायाला लागत होते. "इथं डुकरं लागले वाटते," एक म्हणाली. मी विळा चालवत राहिले. त्या फॉर्मची परीक्षा मी दिली, नाव आलं नाही. आता दुसरा भरला आहे.

आता आमच्याकडे सहा-सात कोंबड्या आहेत, आमच्याच. अर्धेलीने कोणी ठेवत नाही. कोणी काही म्हणतही नाही. याडी बाजाराला जाते तेव्हा हात वर करून रामराम करते, आई करते, पण ती थांबत नाही. फळी मी रोज लावते. कधीकधी अंथरुणात पडल्यावर उठून पाहून येते.

या पावसाळ्यात मानमोडीने एक कोंबडी गेली. तिची मान मुरगळून एका बाजूला पडली होती. आईने तिला उचललं, विळी घेतली आणि सवयीने दोन्ही पाय सांध्यातून कापले, सुतळीने जोडी बांधली. मग कडीकडे हात नेला आणि थांबली. अंगणात उभी राहून तिने तांड्याच्या वाटेकडे पाहिलं. वाटेवर कोणी नव्हतं, आणि कोंबडी कोणाची नव्हतीच.

मी दारात होते. ती वळली आणि ती जोडी माझ्यासमोर धरली.

"हे पाय," ती म्हणाली.

मी खाली वाकून पाहिले. डाव्या पायाचं एक नख तुटलेलं होतं.

"हो, तिचेच," मी म्हणाले.